बॅकयार्डात रेडबड लावताय? आधी गावाकडची सवय विसरा

आमचं रेडबडचं पहिलं झाड मीच मारलं. हरणांनी नाही, थंडीने नाही, मी. न्यू जर्सीत घर घेतलं त्या पहिल्याच जूनमध्ये, दोन दिवस चांगला पाऊस झाल्यावर, सांगलीकडे आंब्याला काढतात तसा दोन-अडीच फूट खोल खड्डा काढला. तळाला पोत्यातलं शेणखत टाकलं, झाड आत बसवलं, खोडाला माती चढवून पायाने दाबली आणि वरून बदाबदा पाणी ओतलं. वडील व्हिडिओ कॉलवर बघत होते. "झकास बसलंय," म्हणाले. ऑगस्टमध्ये पानं कडेने करपायला लागली. पुढच्या एप्रिलमध्ये गल्लीतली बाकीची रेडबडं फुलली होती आणि आमच्याची फांदी वाकवली की काटकीसारखी मोडत होती. उपटून काढलं तेव्हा मुळं काळी पडलेली आणि त्यांना तुंबलेल्या मोरीचा वास.

वडिलांचं चुकलं नव्हतं. तिकडे पाऊस चार महिने आणि मग आठ महिने कोरडे, म्हणून झाड खोलात आणि आळं करून लावायचं, मिळेल ते पाणी मुळाशी थांबावं म्हणून. इथे मध्य जर्सीत वर्षाला पंचेचाळीस इंचांहून जास्त पाऊस, तोही बारा महिन्यांत वाटून, आणि खाली चिकट माती. अशा मातीत खोल खड्डा काढला की ती पाण्याची टाकी होते. झाड तहानेने मरत नाही, बुडून मरतं.

दुसरं झाड आता सातव्या वर्षात आहे. मधे मी जे शिकलो ते खाली क्रमाने देतो.

आधी झाडाची ओळख

रेडबड म्हणजे सर्सिस कॅनडेन्सिस. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या पानगळीच्या जंगलात, ओक-मेपलच्या सावलीखाली आणि रानाच्या कडेकडेने वाढणारं छोटं झाड. उंची वीस ते तीस फूट, पसारा तेवढाच किंवा थोडा जास्त. ओक्लाहोमाचा हा राज्यवृक्ष. नावात 'रेड' असलं तरी फूल जांभळट गुलाबी असतं. आमच्याकडे ते एप्रिलमध्ये, पान फुटायच्या आधी येतं, आणि फांद्यांप्रमाणे थेट खोडावरही येतं. फणस आणि उंबर बघितलेल्या माणसाला याचं नवल वाटू नये, पण दर एप्रिलला वाटतंच. करड्या, कोरड्या सालीतून, जिथे काल काहीच नव्हतं, तिथून तांदळाच्या दाण्याएवढ्या कळ्यांचा झुपका बाहेर आलेला असतो.

आपलं आणि याचं नातंही आहे. आपटा, कांचन आणि रेडबड वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच उपकुळातले. आपट्याचं पान मधून दुभंगलेलं असतं. लिनियसने या प्रजातीला 'बॉहिनिया' हे नाव बॉहिन आडनावाच्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून दिलं, कारण एका देठावर दोन भाग. रेडबडचं पान मात्र अखंड, बदामाच्या आकाराचं. भारतातून आपट्याची ताजी पानं सामानात आणायच्या भानगडीत पडू नका. विमानतळावर ती जाहीर करावी लागतात आणि बहुधा तिथेच राहतात. आम्ही दसऱ्याला याचीच पानं वाटतो. ऑक्टोबरात ती पिवळी पडायला लागलेली असतात, त्यामुळे सोनं म्हणून दिलं तर निदान रंग तरी खरा.

एक गोष्ट आधीच सांगतो. रेडबड दीर्घायुषी नाही. बागेत वीस-तीस वर्षं मिळाली तर चांगली मिळाली म्हणायची. नातवंडांनी झोका बांधावा असं झाड हवं असेल तर ओक लावा आणि हा लेख इथेच सोडा.

१. तुमची थंडी कोणती ते बघा

अमेरिकी कृषी खात्याचा थंडीच्या पट्ट्यांचा नकाशा आहे, २०२३ मध्ये नवा काढलेला. त्यात झिप कोड टाकला की तुमचा पट्टा कळतो. रेडबड साधारण ५ ते ९ या पट्ट्यांत सुखाने राहतं. मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडच्या मंडळींनी उत्तरेकडच्या बियांपासून वाढवलेलं रोपच मागून घ्यावं.

इथे एक सापळा आहे. जात तीच असली तरी दक्षिणेकडच्या बियांचं रोप उत्तरेच्या थंडीत टिकेलच असं नाही. टेक्सासचं रेडबड चुनखडीच्या जमिनीत आणि कोरड्या उन्हाळ्यात तयार झालेलं. ऑस्टिनच्या मित्राकडे ते झकास वाढतंय म्हणून बफेलोत तेच मागवू नका. नर्सरीत सरळ विचारा, रोप कुठे वाढवलंय. उत्तर देता येत नसेल तर दुसरी नर्सरी बघा.

२. जागा ठरवा

हे जंगलातलं खालच्या मजल्यावरचं झाड आहे. सकाळचं ऊन आणि दुपारनंतर थोडी सावली ही याची आवडती जागा. दिवसभर उन्हातही वाढतं, फुलंही जास्त देतं, पण मग उन्हाळ्यात पाण्याची जबाबदारी तुमची. दाट सावलीत फुलं विरळ येतात.

घराच्या भिंतीपासून पंधरा फूट तरी लांब लावा. आज हातात धरलेली काठी उद्या पंचवीस फूट पसरणार आहे, हे नर्सरीच्या पार्किंगमध्ये कुणालाच आठवत नाही. उंची बेताची असल्यामुळे विजेच्या तारांचा प्रश्न सहसा येत नाही. ड्राइव्हवेच्या कडेला, जिथे हिवाळ्यात मीठ टाकलं जातं आणि फावड्याने बर्फ लोटला जातो, तिथे लावू नका. डाउनस्पाउटचं, म्हणजे छतावरून खाली येणाऱ्या पाइपचं पाणी जिथे साचतं तिथे तर नाहीच नाही.

३. कागद आणि एक फोन

भारतात झाड लावायला कुणाला विचारावं लागत नाही, म्हणून हा भाग आपण हमखास विसरतो. जवळ हे असू द्या:

• घर घेताना मिळालेला प्लॉटचा सर्व्हे. हद्द कुठे आहे आणि कुणाचं ईझमेंट, म्हणजे तुमच्या जमिनीवर दुसऱ्याचा वापराचा हक्क, आहे ते त्यावर दिसतं.
• एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना असेल तर तिची लेखी परवानगी. तोंडी होकार वर्षभराने कुणाला आठवत नाही. झाडाचं नाव, पूर्ण वाढीची उंची आणि जागेचा साधा नकाशा जोडलात तर सहसा अडत नाही.
• फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधल्या पट्टीत लावायचं असेल तर टाउनशिपची परवानगी. त्या पट्टीतलं गवत तुम्ही कापता, पण ती बहुधा तुमची नसते. जर्सीत बऱ्याच गावांत यासाठी शेड ट्री कमिशन, म्हणजे गावची झाडं बघणारी समिती असते.
• जमिनीखालच्या वायरी-पाइप कुठे आहेत ते दाखवून घ्यायला ८११ वर फोन केल्यावर मिळालेला नंबर.
• नर्सरीची पावती. बऱ्याच ठिकाणी वर्षभराची हमी असते आणि पावतीशिवाय ती मिळत नाही.

८११ चं नीट लक्षात ठेवा. जमीन खणण्याआधी हा फोन करणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि तो फुकट आहे. न्यू जर्सीत खणायच्या किमान तीन कामकाजाचे दिवस आधी करावा लागतो. मग माणसं येऊन गवतावर रंग मारून जातात: लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी, नारिंगी इंटरनेट-फोनच्या केबल. आमच्याकडे मी ठरवलेल्या जागेवरून बरोब्बर पिवळी रेघ गेली. झाड आठ फूट सरकलं. आवारातली तुम्ही स्वतः टाकलेली लाइन, म्हणजे शेडकडे नेलेली वायर किंवा स्प्रिंकलरचे पाइप, ही माणसं दाखवत नाहीत. ती तुमची तुम्हाला ठाऊक हवी.

४. मातीची परीक्षा, दोन प्रकारे

पहिली परीक्षा निचऱ्याची, आणि ही टाळू नका. ठरवलेल्या जागी फूटभर खोल खड्डा काढा, पाण्याने भरा, जिरू द्या. पुन्हा भरा आणि फूटपट्टी उभी करून घड्याळ लावा. तासाला निदान एक इंच पाणी उतरलं तर ठीक. सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळी तिथेच असेल तर जागा बदला, किंवा जमिनीच्या वर रुंद, उतरता उंचवटा करून त्यावर झाड लावा. माझ्या पहिल्या खड्ड्यात ही परीक्षा केली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

मध्य जर्सीतली तांबडी माती बघून आपल्याला कोकणातला जांभा आठवतो. हा तो नव्हे. इथे खाली शेल नावाचा पापुद्र्यांचा मऊ खडक आहे, तो झिजून ही माती होते. ओली असली की बुटाला चिकटते, सुकली की विटेसारखी. जांभ्यातून पाणी पळतं, यातून पळत नाही.

दुसरी परीक्षा प्रयोगशाळेत. रटगर्स विद्यापीठाची माती तपासायची लॅब आहे, इतर राज्यांतही विद्यापीठांच्या अशा सोयी आहेत. बागेतल्या चार-पाच ठिकाणांहून सहा-आठ इंच खोलीची माती घेऊन मिसळायची आणि पाठवायची. रेडबडला पीएच ६ ते ७.५ चालतो, म्हणजे फार नखरे नाहीत. त्यामुळे पहिली परीक्षा नापास आणि दुसरी पास असेल तर खुश होऊ नका.

५. नर्सरीत: छोटं घ्या

सगळे मोठं झाड घेतात. मीही पहिल्यांदा दहा फुटांचं, तरटात बांधलेल्या मोठ्या मातीच्या गोळ्याचं घेतलं होतं, कारण लगेच बाग दिसायला हवी होती. रेडबडला जागा बदललेली आवडत नाही. सोटमूळ लवकर खोल जातं आणि मोठं झाड उपटताना मुळांचा बराचसा भाग शेतातच राहतो. दुसऱ्यांदा पाच गॅलनच्या कुंडीतलं, माझ्या खांद्याएवढं घेतलं. ते चौथ्या वर्षी पहिल्याच्या उंचीला पोचलं, आणि पैसे पाव लागले.

घेताना हे बघा:

• नखाने कोवळी फांदी जरा खरवडा. आत हिरवं हवं.
• खोडावर खोलगट, काळपट, चिरलेला डाग असेल तर ठेवून द्या. तो कँकर, म्हणजे सालीचा बुरशीचा रोग असू शकतो, रेडबडचा सगळ्यात मोठा शत्रू. त्यावर फवारणी नाही, रोगट फांदी कापणं एवढाच उपाय.
• दोन जाड फांद्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या अरुंद कोनात फुटल्या असतील तर विचार करा. मध्ये साल अडकते आणि पाच-सात वर्षांनी ओल्या बर्फाच्या वजनाने झाड उभं फाटतं. यू सारखा रुंद कोन चांगला.
• कुंडी आडवी करून झाड थोडं बाहेर ओढा. मुळं कुंडीच्या आकारात गोलगोल फिरून सुतळीच्या गुंड्यासारखी झाली असतील तर दुसरं मागा. नर्सरीवाला कपाळावर आठ्या घालेल, घालू द्या.

प्रकार पुष्कळ. 'फॉरेस्ट पॅन्सी'चं पान वसंतात गडद जांभळं असतं, उन्हाळा तापला की हिरवट होतं, आणि लोक घाबरून फोटो पाठवतात. ते तसंच असतं. 'लॅव्हेंडर ट्विस्ट' खाली लोंबणारं, छोट्या जागेसाठी. 'हार्ट्स ऑफ गोल्ड'ची पानं सोनेरी. 'रॉयल व्हाइट' पांढऱ्या फुलांचं. हे सगळे कलमी असतात, तेव्हा कलमाच्या गाठीखालून फुटणारे फुटवे वेळच्या वेळी काढायचे, नाहीतर मूळचं झाड वर येऊन कलम गिळतं. माझं मत विचाराल तर पहिलं झाड साधं, जंगली रेडबड असू द्या.

६. केव्हा लावायचं

जून विसरा. मृग, आर्द्रा, पहिला पाऊस हे सगळं विसरा. इथे जून म्हणजे उन्हाळ्याची सुरुवात, झाडाला मुळं धरायच्या आधीच भाजायला घालणं. दोन वेळा चांगल्या: मार्चअखेर ते एप्रिल, जमीन उकरता येऊ लागली की पान फुटायच्या सुमारास, किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. कुंडीतलं झाड दोन्ही वेळी चालतं. तरटातल्या गोळ्याचं रेडबड मात्र वसंतातच लावा.

७. खड्डा

हत्यारं फार लागत नाहीत: टोकदार फावडं, एक छोटी कुदळ किंवा पहार, टेप, धारदार छाटणीची कात्री, ताडपत्री आणि पाण्याचा पाइप. ताडपत्री माती टाकायला. गवतावर टाकलेली माती पुन्हा गोळा करणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खोड जमिनीत शिरतं तिथे ते फाकतं, हत्तीच्या पायासारखं. पहिली जाड मुळं जिथे बाजूला निघतात ती ही जागा. जंगलातल्या कुठल्याही झाडाकडे बघा, हा फुगारा मातीच्या वर दिसतो. कुंडीत तो बऱ्याचदा दोन-तीन इंच मातीखाली गाडलेला असतो. म्हणून खणायच्या आधी कुंडीतली वरची माती बोटांनी काढत जा, पहिलं खरं मूळ लागेपर्यंत. केसासारखी बारीक मुळं लागली तर ती पहिली नव्हेत, ती काढून आणखी खाली जा. मी दुसऱ्या झाडाला तीन इंच उकरलं तेव्हा अंगठ्याएवढं मूळ लागलं. पहिल्याला हे केलंच नव्हतं. वर माती चढवून मीच ते आणखी सहा इंच गाडलं होतं.

तिथून खालच्या टोकापर्यंत मुळांच्या गोळ्याची उंची मोजा. खड्डा तेवढाच खोल. चिकट मातीत इंच-दोन इंच कमीच. रुंदी मात्र गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट, बशीसारखी उतरती. तळाची माती उकरू नका, नाहीतर झाड नंतर खाली बसतं. फावड्याने बाजू गुळगुळीत, चकचकीत झाल्या असतील तर कुदळीने ओरखडून खडबडीत करा. चिकट मातीत अशी चकाकी आली की मुळं तिला टेकून मागे वळतात.

झाड ठेवलं की फावड्याचा दांडा खड्ड्यावर आडवा टाका. फुगारा दांड्याच्या पातळीला किंवा किंचित वर दिसला पाहिजे. खाली असेल तर झाड बाहेर काढा, माती घाला, पुन्हा ठेवा. कंटाळा येतो. पण पुढचं सगळं या दोन इंचांवर आहे.

झाड उचलताना गोळ्याला हात घाला, खोडाला धरून नको. गोल फिरलेली मुळं कात्रीने उभी चिरा किंवा सोडवून बाहेर पसरा. जीव होत नाही, पण न चिरलेलं मूळ दहा वर्षांनी खोडालाच फास घालतं. तरटाचं झाड असेल तर ते जागेवर ठेवल्यावर सगळी सुतळी, वरचं तरट आणि तारेच्या पिंजऱ्याचा वरचा भाग कापून टाका. "कुजून जाईल" असं सांगणारे भेटतात. नायलॉनची दोरी कुजत नाही.

आणि खड्ड्यात शेणखत, कंपोस्ट, पोत्यातली काळीभोर माती, काही घालू नका. काढलेलीच माती परत भरा. आपल्या मनाला हे पटत नाही, सासऱ्यांनी तर मला चिक्कू म्हटलं. पण खड्डा मऊ आणि भोवतीची जमीन कडक असली की पाणी मऊ भागात येऊन साठतं, आणि मुळंही लाडावून तिथेच घुटमळतात. रेडबड शेंगावर्गीय असलं तरी भुईमुगासारख्या मुळांवर गाठी धरत नाही, म्हणून "हे स्वतःच नत्र करतं" असं कुणी म्हणालं तर तेही खरं नाही. पहिल्या वर्षी खत नकोच.

माती अर्धी भरली की पाणी सोडा, बसू द्या, मग उरलेली भरा. पायाने तुडवू नका.

आधाराची काठी सहसा लागत नाही. वाऱ्याच्या जागी लावलीच तर पट्टी सैल बांधा, खोड थोडं हललं पाहिजे, आणि वर्षाच्या आत सोडा. गल्लीतल्या एका झाडाच्या खोडात पट्टी इतकी रुतली होती की काढताना साल सोबत आली.

८. पाणी

लॉनचे स्प्रिंकलर म्हणजे झाडाला पाणी नव्हे. ते वरचा इंचभर ओला करतात. मी हार्डवेअरच्या दुकानातल्या पाच गॅलनच्या बादलीला तळाशी तीन-चार बारीक भोकं पाडली आणि ती गोळ्याजवळ ठेवून भरली. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. पाणी अर्ध्या तासाने झिरपून संपतं, वाहून जात नाही.

पहिले दोन आठवडे दिवसाआड दोन गॅलन. नंतर आठवड्याला पाच ते दहा, पाऊस नसेल तर. पण आकड्यांवर जाण्यापेक्षा लांब स्क्रू ड्रायव्हर मातीत खुपसा. सहज गेला आणि ओला निघाला तर थांबा. पान सुकलेलं दिसलं की लगेच पाणी घालायची घाई करू नका, कारण मुळं बुडालेल्या झाडाची पानंही तशीच सुकतात. मी ऑगस्टमध्ये नेमकं तेच केलं, बुडणाऱ्याला आणखी पाणी पाजलं.

ही दोन वर्षांची कामगिरी आहे. जुलैत तीन आठवडे भारतात जाणार असाल तर शेजाऱ्याला बादली दाखवून जा.

९. आच्छादन, पण वारूळ नको

लाकडाच्या कपच्यांचं, सालीचं किंवा पाचोळ्याचं दोन-तीन इंचांचं आच्छादन, झाडाभोवती तीन फुटांपर्यंत. खोडापासून चार इंच मोकळं. एवढंच. इथे दर वसंतात लॉनवाले येऊन प्रत्येक झाडाच्या बुडाशी आच्छादनाचं वारूळ रचतात, फूटभर उंच. दिसायला नीटनेटकं, पण साल कायम ओली राहून कुजते आणि उंदीर आत घर करतात. आमच्याकडच्या माणसाला मी तीन वर्षं सांगतोय. आता तो गेला की मी मागून खुरपं घेऊन जातो.

१०. हरणं आणि गोल भोकं

हरणं कोवळा पाला खातात, पण खरा धोका सप्टेंबर ते नोव्हेंबर, नर खोडावर शिंगं घासतात तेव्हा. एका रात्रीत साल चारी बाजूंनी सोलली गेली की झाड संपलं. चार-पाच फूट उंच जाळीचा रुंद गोल करा, खोडाला चिकटू न देता. खालच्या दीड-दोन फुटांना पाव इंची जाळी, दोन इंच मातीत खुपसून, हिवाळ्यात साल कुरतडणाऱ्या उंदरांसाठी आणि सशांसाठी.

जूनमध्ये पानांच्या कडेला कुणी कागदाच्या पंचने कापल्यासारखे गोल तुकडे नाहीसे झालेले दिसतील. तुमच्या नशिबात असलं तर कापणारीही दिसेल: काळसर मधमाशी पानाच्या कडेवर बसते, काही सेकंदांत गोल तुकडा कापते आणि हिरवी चकती पायांत धरून उडते. घरट्यात अंड्यांच्या खोल्या करायला नेते. झाडाला काही होत नाही. औषध मारू नका.

११. पहिला हिवाळा, आणि "मेलं का?"

जमीन गोठेपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरातही, कोरडं गेलं तर पाणी द्या. मग झाडाला एकटं सोडा. काळ्या काठ्या चार-पाच महिने बघायची आपल्याला सवय नाही. वडील दर रविवारी विचारायचे, मेलं का. रेडबडला पानंही जरा उशिरा येतात, त्यामुळे शेजारचं मेपल हिरवं झालं म्हणून फावडं आणू नका. मेच्या मध्यापर्यंत थांबा. नखाने साल खरवडा, आत हिरवं असेल तर जिवंत आहे.

पहिल्या-दुसऱ्या वसंतात फुलं नाही आली तरी काळजी नको. आमच्याकडे तिसऱ्या एप्रिलला आली, नऊ झुपके. मोजले होते. फुलं खाता येतात, आंबटसर लागतात, कोशिंबिरीत छान. कांचनाच्या कळ्यांची भाजी खाल्लेल्यांना चव ओळखीची वाटेल. फवारणी केलेल्या झाडाची मात्र खाऊ नका.

१२. छाटणी

फुलं जुन्या लाकडावर येतात. हिवाळ्यात छाटलंत तर त्या एप्रिलची फुलं कचऱ्यात. म्हणून फुलं झाली की लगेच, कोरड्या दिवशी. मेलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या आणि अरुंद कोनाच्या दोन फांद्यांतली एक काढा, झाड लहान आहे तोवरच. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा. कापल्या जागी गेरू, चुना, रंग, काही लावू नका.

१३. बियांपासून

ऑक्टोबरनंतर चपट्या तपकिरी शेंगा लटकतात, पापडीच्या शेंगा सुकल्यासारख्या. बी कडक कवचाचं, पाण्याला आत घेत नाही. उकळून जरा निवलेलं पाणी बियांवर ओता आणि दिवसभर भिजू द्या. फुगलेल्या तेवढ्या निवडा. मग ओलसर वाळूत मिसळून, झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये दोन ते तीन महिने. हा खोटा हिवाळा. तो मिळाल्याशिवाय बी उठत नाही. मार्चअखेर खोल कुंडीत पेरा, सोटमुळाला जागा हवी, आणि रोप फूटभर व्हायच्या आत कायमच्या जागी हलवा. फुलांसाठी चार-पाच वर्षं थांबावं लागेल.

फ्रीजमधल्या डब्यावर चिठ्ठी लावा. रेडबडचं बी रंगाने आणि आकाराने हुबेहूब हुलग्यासारखं असतं. आमच्या सासूबाईंनी डबा उघडून, वाळू तीनदा धुऊन काढून, "हुलगे कुठल्या दुकानातून आणता हो, किती खडे" म्हणत सगळे फडक्यात बांधून मोड आणायला ठेवले होते. उसळ थोडक्यात टळली.